गळती

सिंचन खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
दर ऑक्टोबरात मी नदीचे रकाने आखते.
पिण्याला इतके दलघमी, शेतीच्या आवर्तनांना इतके,
सातपूर-अंबडच्या कारखान्यांना इतके,
खाली जायकवाडीला सोडायचे इतके.
(त्या आकड्यावरून दोन जिल्हे भांडतात,
मी दोन्हीकडच्यांना चहा सांगते.)

यंदा एक रकाना वाढला:
भविष्यातील वाढ, सन दोन हजार एकावन्न.
जी माणसं अजून जन्माला यायचीत
त्यांच्या आंघोळीचं पाणी मी लिहून ठेवलं,
माणशी एकशे पस्तीस लिटर,
हात जराही न थरथरता.

मग उरतो तो शेवटचा,
बेरीज जुळवायला ठेवलेला:
बाष्पीभवन व गळती.

मार्चात बंधाऱ्यावर गेले होते, पातळी बघायला.
तिसऱ्या दाराचं रबर फाटलेलं,
तिथून पाण्याची एक जाड वेणी सुटलेली
आणि खाली कातळात डोह, कमरेइतका.
दारावरचा मंगळू भोये म्हणाला,
"बाई, चपला काढा. सावली पडू देऊ नका."
वाकून पाहिलं, तर नुसते दगड.
मग एक दगड हलला.
मग सगळेच हलले,
रुपयाएवढ्या खवल्यांचे,
धारेकडे तोंड करून जागच्या जागी पोहणारे.

"खडशी," तो म्हणाला. "आज्याच्या वेळी
पावसात पार वरपर्यंत चढायची.
आता वर भिंत, खाली शहराचा नाला.
एवढीच राहिलीय. मोजलीय मी. एकेचाळीस."
रबर कधीपासून फाटलंय, विचारलं.
तो तंबाखू मळत राहिला.
"मागच्या सायबालाही नव्हतं दिसलं,"
एवढंच बोलला.

म्हणजे इतकी वर्षं मी जिला तूट लिहीत आले
ती कुणाचीतरी सबंध नदी होती.

आता टेबलावर फाइल आहे:
दार क्रमांक तीन, दुरुस्ती, अंदाजपत्रक.
बचत होणारं पाणी रोज साडेतीन हजार घरांचं.
हिशोब बरोबर आहे. मीच केलाय.
त्यातलं एक घर माझ्या मुलीचं,
पाथर्डी फाट्याच्या पुढं, सातव्या मजल्यावर.
टँकरची वेळ तिनं फ्रिजवर चिकटवलीय,
बाळाच्या दुधाच्या वेळेशेजारी.
तिला काय सांगू? एकेचाळीस मासे?
आणि मासा तरी कुठं उभा राहणार आहे
हंडा घेऊन रांगेत?

शेजारचे गांगुर्डे म्हणतात,
"मॅडम, धरणात कटल्याचं बीज सोडू, ठेका देऊ.
मासा तो मासा."
त्यांना कसं समजावायचं,
खडशीला साठलेलं पाणी कळत नाही.

तीन आठवडे फाइल दाबून बसलेय.
काल भोयेला फोन लावला. किती आहेत?
"एकोणचाळीस. दोन रात्री कुणीतरी..."
पुढं रेंज गेली.

आज सगळे गेल्यावर पट्टी घेतली
आणि गळतीच्या बाजूला एक रेघ ओढली.
बोटभर रुंदीचा रकाना झाला.
वर काय लिहायचं ते सुचेना,
आमच्या नियमावलीत त्याला शब्द नाही.
आकडा मात्र घातला.
तेवढा कुठून तरी काढणं आलं.
शेतीतून काढला, तर निफाडचे लोक दारात बसतील,
कारखान्यातून काढला, तर मंत्रालयातून फोन.
एकावन्न सालाकडून कुणीच येत नाही भांडायला.

तेव्हा माझी नात सव्वीस वर्षांची असेल.
तिच्या वाट्याचं थोडं
मी तिला न विचारता खोडलं,
बारीक, पेन्सिलीनं,
म्हणजे वाटलं तर पुसता येईल.

उद्या अकराला साहेब विचारतील, हे काय? कुणाचं?
उत्तर अजून सापडलेलं नाही.
फाइल पुढं सरकवण्याआधी
टेबलाखाली चपला तेवढ्या काढून ठेवीन म्हणते.